टेलनेटचं दार कुणी लावलं?

मंडळी, आईवडील हरसूलला, आपण पुण्यात. तिकडचा मोडेम इथून दुरुस्त करायचा तर कमांड लाइन हवीच. (फोनवर "हिरवा दिवा लागलाय" एवढंच कळतं!) आणि नेमकं फर्मवेअर अपग्रेड झाल्यावर टेलनेट बंद. हे दार मुद्दाम लावलेलं असतं.

टेलनेट १९६९ चं, अर्पानेटच्या सुरुवातीचं. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था, पासवर्ड उघडा गेला तरी चालायचं. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले आणि तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं. मोडेमवाले मात्र पोर्ट २३ आणि 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' घेऊन निवांत! २०१६ मध्ये मिराईने साठेक ठरावीक पासवर्डांच्या जोरावर लाखो उपकरणं ताब्यात घेतली. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ज्या ग्राहकांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांचे मोडेम बंद पडले. तेव्हा कुठे जाग आली.

म्हणून आधी एरर वाचा. 'कनेक्शन रिफ्युज्ड' म्हणजे बहुधा मोडेम जिवंत आहे, टेलनेट तेवढं बंद. पोर्ट २२ वर एसएसएच बघा. टाइमआउट म्हणजे फायरवॉल, नाहीतर लाइनच गेलेली. आणि एसएसएच 'नो मॅचिंग की एक्स्चेंज' म्हणालं, तर मोडेम जुनाच आहे, अपग्रेड आपल्या लॅपटॉपचं झालंय: ओपनएसएसएचने २०१५ पासून जुन्या पद्धती बंद करायला घेतल्या.