शिंपले वेचणे (कोकण)
कोकणच्या खाड्यांत आणि खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, मुळे, कालवे, शिनाणे हाताने वेचले जातात. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. वाळूतल्या तिसऱ्या उकरून निघतात. खडकाला घट्ट चिकटलेली कालवे हत्याराने फोडावी लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते आणि वेचायला जागा मिळते. मात्र भरतीही तितकीच चढते, म्हणून पाणी फिरण्याआधी परतावे लागते.

खरा धोका शिंपल्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव टिपतो. त्यांबरोबर सांडपाण्यातील जंतू, जड धातू आणि काही प्लवकांची विषेही त्याच्या शरीरात साठतात. जंतू नीट शिजवल्यास मरतात, प्लवकांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. चांदीचे नाणे काळे पडते का, असल्या परीक्षा निरुपयोगी होत. विष प्रयोगशाळेतच ओळखता येते. गटार, बंदर वा कारखान्याजवळची जागा आणि रंग बदललेले पाणी टाळणे गरजेचे आहे. उघडा शिंपला टिचकीने मिटला नाही किंवा मिटलेला उकळल्यावर उघडला नाही, तर तो टाकून देतात. खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. प्लवकांचे विष श्वसनाचे स्नायू लुळे पाडू शकते.