खरे नाव आणि तेरा आकडे

टोपणनाव मराठी वाचकांस परके नाही. सरकारी चाकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिण्यास प्रारंभ केला. आपले नाव कोठे द्यावे आणि कोठे राखावे, हे ठरविण्याचा हक्क नागरिकाकडून काढून घेतला तर काय होते, याचा धडा आम्हांस दक्षिण कोरियाच्या अलीकडील इतिहासात सापडतो.

जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाच्या ३१ सशस्त्र सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या निवासस्थानाच्या रोखाने चाल केली. घुसखोर ओळखता यावेत म्हणून त्याच वर्षी नागरिकांस नोंदणी क्रमांक मिळू लागले. १९७५ मध्ये हा क्रमांक तेरा आकडी झाला. त्यातील पहिले सहा आकडे जन्मतारीख सांगतात. सातव्यावरून स्त्री की पुरुष हे कळते.

महाजाल घरोघरी पोहोचल्यावर निनावी निंदानालस्तीचा उपद्रव वाढला. त्यावर उपाय म्हणून २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर मत मांडण्यापूर्वी ओळख पटविण्याची सक्ती झाली. २००९ मध्ये दिवसाला एक लाख वा अधिक भेटी असलेली स्थळेही तिच्या कक्षेत आली. नाव व क्रमांक देऊनच ओळख पटविण्याचा प्रघात असल्याने खासगी कंपन्यांकडे जणू साऱ्या देशाची नोंदवही जमा झाली. जुलै २०११ मध्ये एसके कम्युनिकेशन्सच्या दोन संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे पाच कोटी! चोरीस गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो. फुटलेला क्रमांक त्या कारणास्तव बदलून मिळण्याची सोयच नव्हती.

२३ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील घटना न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द केली. अवैध मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, लोक मात्र परदेशी स्थळांकडे वळले आणि अभिव्यक्तीस बांध पडला, असा निष्कर्ष निघाला. २०१४ मध्ये कायद्याचा आधार नसता क्रमांक घेण्यास बंदी झाली. २०१५ च्या आणखी एका निकालानंतर, २०१७ पासून माहितीचोरीची झळ बसलेल्यांस क्रमांक बदलून मागता येऊ लागला.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. शासकीय सेवेत वर्षानुवर्षे अर्जांचे नमुने हाताळलेल्या आम्हांस यातून एवढेच उमगते की, नमुन्यात रकाना वाढविणे सोपे असते. त्यात एकदा भरलेले परत घेणे अवघड. म्हणून माहिती मागणाऱ्यानेच आधी तिची गरज सिद्ध करावी, हे इष्ट.