निचरापट्टी (आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात)

निचरापट्टी : शेतात साचणारे जादा पाणी वाहून नेण्यासाठी शासनाने चर खोदले किंवा राखले, तर त्यांच्या खर्चापोटी लाभ मिळणाऱ्या शेतजमिनींवर बसवला जाणारा आकार. पाणीपट्टी पाणी दिल्याबद्दल घेतात, निचरापट्टी पाणी काढून नेल्याबद्दल. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात असा स्वतंत्र आकार नाही. पूर्वीच्या आंध्र प्रदेश राज्यात निचऱ्यासाठी उपकराचा कायदा होता, पण तो किनारपट्टीच्या त्रिभुज प्रदेशापुरता. पावसाच्या पाण्याने चिबडणाऱ्या काळ्या जमिनीच्या या जिल्ह्याला तो कधी लागू झाला नाही. पट्टी नसल्याने शेतकऱ्याचे पैसे वाचले हे वरवर खरे वाटते. प्रत्यक्षात पट्टी नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून चर राखण्याची जबाबदारी कोणाचीच नाही आणि ती किंमत पीकनुकसानीच्या रूपाने दर जोरदार पावसाळ्यात शेतकरीच मोजतो. मात्र त्यावर सरसकट एकरी कर हा उपाय होऊ शकत नाही. नाल्याच्या पाणलोटानुसार ठरलेली, काम झाल्यावरच लागू होणारी आणि त्याच नाल्यावर खर्च होणारी पट्टी एवढीच येथे न्याय्य ठरेल, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

जिल्ह्याची ठेवण समजल्याशिवाय हा प्रश्न समजत नाही. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. आजच्या आदिलाबादची उत्तर सीमा पैनगंगा आहे. दक्षिणेकडच्या डोंगराळ वनक्षेत्रातून निघणारे सातनाला, मथडीवागू यांसारखे प्रवाह सपाटीवरच्या काळ्या शेतातून जाऊन पैनगंगेला मिळतात. वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी माती कोरडी असताना तिच्या भेगांतून पाणी भराभर आत जाते. एकदा ओली झाली की चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि जिरण्याचा वेग जवळपास थांबतो. त्यानंतर पडलेले पाणी ढाळ असेल तिकडे वाहते, नसेल तिथे उभे राहते. जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस. त्याच्या मुळांना हवा मिळाली नाही की झाड पिवळे पडते, अचानक मलूल होते, पाते-फुले गळतात. सोयाबीन आणि तूर यांचीही गत फारशी वेगळी नसते. वाफसा येत नाही म्हणून डवरणी लांबते, तण माजते आणि टाकलेले खत वाया जाते. 2022 आणि 2023 च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने हे मोठ्या प्रमाणावर दिसले, पण साध्या जोराच्या पावसाळ्यातही सखल शेतांत हेच घडते. फक्त ते बातमीत येत नाही.

यावर शेतापुरता उपाय माहीत आहे आणि तो दूरचाही नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. सुमारे दीड मीटरच्या पट्ट्यात वरंबा आणि सरी, सरीला हलका ढाळ, आणि सगळ्या सऱ्यांचे पाणी गवत लावलेल्या चरात. या पद्धतीचा कमकुवत दुवा शेवटचा आहे. सरी शेतकरी स्वतः काढू शकतो, चर काढू शकत नाही, कारण चर शेजाऱ्याच्या धुऱ्याला लागतो, पुढे तिसऱ्याच्या शेतातून जातो आणि अखेर गाळाने भरलेल्या, बाभळीने अडलेल्या, कोणीतरी नांगरून शेतात घेतलेल्या नाल्यात उतरतो. एकट्याने निचरा करायचा म्हणजे आपले पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडायचे. खालच्या शेताचा बांध त्यासाठीच रात्रीत उंच होतो. शासकीय आकाराचा युक्तिवाद इथून सुरू होतो. जे काम एकट्याला करताच येत नाही आणि एकाने केले तर दुसऱ्याचे नुकसान होते, त्याला सार्वजनिक अधिकार लागतो, आणि त्या अधिकाराला दरवर्षी पैसा लागतो.

हे तत्त्व भारतीय कायद्याला नवे नाही. उत्तर भारत कालवे व जलनिस्सारण अधिनियम, 1873 मध्ये निचऱ्याची योजना आखणे, ती प्रसिद्ध करणे आणि तिचा लाभ होणाऱ्या जमिनींवर वार्षिक आकार बसवणे अशी तरतूद आहे. आंध्रात 1960 च्या दशकात ए. सी. मित्रा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने कृष्णा-गोदावरी त्रिभुज प्रदेशातील पूर आणि निचऱ्याचा अभ्यास केला. 1968 मध्ये त्या प्रदेशासाठी निचरा उपकराचा कायदा झाला, 1985 च्या कायद्याने पेन्ना नदीचा त्रिभुज प्रदेशही त्यात आला. भाताच्या त्या सपाट मुलखात चर आणि कालवा एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे उपकराचे कारण पटवून द्यावे लागले नाही. तेलंगणातील पठारी भागात मात्र निचरा हा कालव्याचा पुरवणी विषय मानला गेला. हैदराबाद सिंचन अधिनियम, 1357 फसली असो की आंध्र प्रदेश पाणीपट्टी अधिनियम, 1988 असो, भर शासकीय स्रोतातून मिळणाऱ्या पाण्यावर होता. 1996 मध्ये पाणीपट्टी सुमारे तिपटीने वाढली आणि मोठ्या प्रकल्पांखालच्या पहिल्या ओलीत पिकाला एकरी 200 रुपये झाली, पण ज्या कोरडवाहू शेताला शासनाने एक थेंबही दिला नाही ते या हिशेबात बसतच नव्हते. 1997 च्या शेतकरी सिंचन व्यवस्थापन कायद्याने निचरा व्यवस्थेची व्याख्या केली आणि पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्याही लाभक्षेत्रापुरत्याच. आदिलाबादचा बहुतांश शेतकरी लाभक्षेत्राबाहेरचा आहे.

राज्याच्या सीमेपलीकडची स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. माती तीच, नदी तीच, बोलीही बरीचशी तीच, कायदा मात्र वेगळा झाला. महाराष्ट्रात 1942 चा जमीन सुधारणा योजना अधिनियम आहे. बांधबंदिस्ती आणि निचऱ्यासारखी कामे योजना म्हणून जाहीर करायची, हरकती ऐकायच्या आणि खर्चाचा वाटा जमीनधारकाकडून वसूल करायचा, अशी त्याची रीत. म्हणून सीमेपलीकडचे चिबड रान सुधारले, असे मात्र कोणी म्हणणार नाही. कायदा असणे आणि वापरात असणे या दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्रात निचऱ्याचा खर्च शेतकऱ्यांनी उचलल्याची ठळक उदाहरणे सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड उसाच्या जमिनीत सापडतात. तिथे शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून, कर्ज काढून भूमिगत पाइपांचे जाळे घातले. शेतकरी पैसे द्यायला तयार होतो, पण कोणत्या अटीवर हे त्या कामातून दिसते. चर कुठून जाणार हे माहीत हवे, आपल्याच शेताला फायदा व्हायला हवा आणि हिशेब जवळच्या संस्थेकडे हवा. अर्थात उसाचे उत्पन्न आणि कारखान्यामार्फत होणारी वसुली यांचा आधार तिथे होता. कोरडवाहू कापसाला तो नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. आदिलाबादचा शेतकरी आधीच कर्जात आहे, त्याच्यावर नवी पट्टी कशाला? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला इतिहासाची जोडही आहे. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमरम भीम मारले गेले, त्या संघर्षामागे जमिनीच्या हक्काबरोबर चराई आणि सरपणावरचे करही होते. या मुलखात कर हा शब्द कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. पण आजचा हिशेब पाहिला तर जमिनीमागे पैसा शासनाकडून शेतकऱ्याकडे वाहतो आहे. मे 2018 मध्ये रयतु बंधू योजनेत एकरी, हंगामी 4 हजार रुपये सुरू झाले, जानेवारी 2025 पासून रयतु भरोसा या नावाने ते 6 हजार झाले. एवढी रक्कम उंचवट्यावरच्या आणि पाणथळ अशा दोन्ही शेतांना सारखीच मिळते, आणि पाणथळ शेतातली बी-खतासकट वाहून जाते. पट्टी माफक असेल आणि तिच्यामुळे एक पीक जरी वाचले तरी ती ओझे ठरत नाही. उलट काम न होता बसवलेली पट्टी कितीही लहान असली तरी अन्यायच. पंजाबात भाक्रा कालव्याच्या लाभावर सुधारणा आकार लावला गेला तेव्हा 1959 मध्ये किसान सभेने मोठे आंदोलन केले. लाभ हाती येण्याआधी त्याची किंमत मागितली जाते आहे, ही त्यातली मुख्य तक्रार होती.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. राज्यघटनेच्या राज्यसूचीत 17 व्या नोंदीत निचरा आणि बांध येतात, 49 व्या नोंदीत जमिनीवरील कर, 66 व्या नोंदीत शुल्क. म्हणजे राज्याला अधिकार आहे. प्रश्न उरतो तो आकार कर आहे की शुल्क. शिरूर मठ खटल्यात 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्काची कसोटी सांगितली : दिलेली सेवा आणि घेतलेला पैसा यांत संबंध हवा आणि तो पैसा सर्वसाधारण महसुलात विरून जाता कामा नये. पुढच्या निवाड्यांनी ही कसोटी बरीच सैल केली. निचरापट्टीपुरती मात्र ती जुन्या कडक रूपातच पाळावी, कारण शेतकऱ्याचा अविश्वास न्यायालयाच्या सवलतीने दूर होत नाही. सातनाल्याच्या पाणलोटातून गोळा झालेला रुपया हैदराबादच्या तिजोरीत जाऊन परत येण्याची वाट पाहू लागला, की ती पट्टी संपली. नेदरलँड्समध्ये 21 पाणी मंडळे स्वतःचा कर बसवतात आणि स्वतः खर्च करतात. लाभ, पैसा आणि मत या तिघांची सांगड तिथे शतकानुशतकांची आहे. ती व्यवस्था उचलून आणता येणार नाही, पण पैसे देणाऱ्याला मत असावे हे तत्त्व पाणलोट पातळीवर वापरता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या भूगोलातच आहे. लाभ घेणाऱ्याने पैसे द्यावेत असे म्हटले की सगळा भार सखल शेतावर पडतो. सखल शेताचा मालक तर पीडित आहे, पाणी वरून येते. मग वरच्यांनी द्यावे का? वरचे शेतकरी बरेचदा गोंड, कोलाम, हलक्या बरड जमिनीचे. त्यांच्याकडून निचऱ्याचे पैसे घेणे म्हणजे पाऊस पडल्याबद्दल दंड करणे. पण त्यांच्याही वर जे आहे ते राखीव जंगल, आणि त्याचा मालक शासन आहे. पाणलोटातल्या वनजमिनीच्या क्षेत्राच्या प्रमाणात शासनाने निधीत आपला वाटा टाकावा. हा उपकार नाही, जमीनमालक म्हणून देणे आहे. चर खोदण्याची मजुरी रोजगार हमीतून निघू शकते, कारण पाणथळ क्षेत्रातील निचरा हे काम केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या मूळ यादीतच होते. मग पट्टीवर उरते ती फक्त देखभाल : दरवर्षी मृगाआधी गाळ, झुडपे आणि अतिक्रमण काढणे. ती रक्कम लहान असते. ती पट्टादार मालकाने द्यावी, कौलाने जमीन करणाऱ्याने नव्हे. चरामुळे वाढते ती जमिनीची किंमत, आणि कौलदाराला रयतु बंधूची रक्कमही मिळाली नव्हती.

पैनगंगाच फुगली तर चर काय करणार, असेही विचारले जाते. नदी चढली की नाल्यांचे तोंड बंद होते, पाणी उलटे शेतात शिरते, हे खरे. त्या आठ-दहा दिवसांवर निचरापट्टीचा इलाज नाही, त्याला नुकसानभरपाई किंवा पीकविमाच हवा. तेलंगणा 2020 मध्ये पंतप्रधान पीकविमा योजनेतून बाहेर पडले, ही त्या बाजूची मोठी उणीव. पण पूर ओसरल्यावर पाणी शेतात तीन दिवस राहते की पंधरा, हे चरावर ठरते आणि कापूस जगतो की जातो तेही तिथेच ठरते. विमा पिकाचे पैसे देतो, जमीन निचऱ्याची करत नाही.

प्रश्नाला आता घाई आली आहे ती चनाका-कोरटा बंधाऱ्यामुळे. 1975 च्या आंध्र-महाराष्ट्र करारापासून रेंगाळलेल्या निम्न पैनगंगेच्या पाण्यावरचा हा बंधारा. 23 ऑगस्ट 2016 च्या आंतरराज्य कराराने त्याची पाणीपातळी 213 मीटर ठरली. त्यातून जैनद, बेला या मंडलांसह सुमारे 50 हजार एकर काळ्या जमिनीला कालव्याचे पाणी मिळायचे आहे. काळ्या जमिनीत बारमाही कालवा गेला आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे नीरा डाव्या कालव्याने दाखवले आहे. 1885 मध्ये तो सुरू झाला आणि काही दशकांतच त्याखालच्या जमिनी चिबड आणि क्षारपड होऊ लागल्या. निचऱ्याचे चर नंतर, बिघडलेल्या जमिनीत खोदावे लागले. तेलंगणा शासनाने चनाका-कोरटाच्या वितरिकांबरोबरच निचरा चरांचा नकाशा मंजूर करावा, तो ग्रामसभांत मराठी, तेलुगू आणि गोंडीत समजावून सांगावा, आणि चरातून पाणी वाहताना दिसल्यानंतरच्या हंगामापासून देखभालीपुरती पट्टी लावावी. त्याआधी एक पैसाही घेऊ नये.