ढगांतली जहाजं आणि एक साधा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण शार्लमेनचं साम्राज्य, त्याचे कायदे आणि त्याचे सरदार यांच्याविषयी बोललो. नंतर एका श्रोत्यांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, हे राजाचं झालं. पण त्या राज्यातला शेतकरी काय मानत होता? कशाला घाबरत होता?" प्रश्न अगदी रास्त आहे. अडचण एवढीच की त्या शेतकऱ्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. त्याच्या समजुती आपल्याला कळतात त्या बहुधा त्याच्याशी वाद घालणाऱ्यांच्या लेखनातून. आज अशाच एका वाद घालणाऱ्याची गोष्ट सांगतो.

नवव्या शतकाचं दुसरं दशक. दक्षिण फ्रान्समधलं ल्यों शहर. तिथे आगोबार्ड नावाचा धर्मगुरू होता. 816 साली तो तिथला आर्चबिशप झाला. एक दिवस लोकांचा जमाव त्याच्यासमोर चार माणसांना घेऊन आला. तीन पुरुष, एक बाई. चौघांना काही दिवस साखळदंडात डांबून ठेवलं होतं. आता त्यांना दगडांनी ठेचून मारायचं, असं ठरलेलं. त्यांचा गुन्हा काय? तर ते आकाशातल्या जहाजातून खाली पडले होते!

हसू नका. आधी समजूत नीट समजून घेऊ. लोकांचं म्हणणं असं, की मॅगोनिया नावाचा एक देश आहे. तिथली जहाजं ढगांतून येतात. आपल्याकडचे काही मांत्रिक मंत्र म्हणून वादळ उठवतात, गारा पाडतात, आणि झोडपून आडवं झालेलं पीक त्या आकाशातल्या नावाड्यांना विकतात. जहाज धान्य भरून परत मॅगोनियाला. वीज कडाडली की लोक म्हणत, हे 'उठवलेलं' वादळ आहे. आणि आगोबार्ड स्पष्ट लिहितो की हे फक्त अडाणी खेडूत मानत नव्हते. उमराव आणि सामान्य, शहरातले आणि खेड्यातले, म्हातारे आणि तरुण, जवळजवळ सगळेच मानत होते.

आता बघा, या समजुतीत एक हिशोब आहे. वर्षाचं पीक गारांनी अर्ध्या तासात जातं. हातातोंडाशी आलेला घास जातो. त्यातूनच पुढच्या वर्षाचं बियाणं राखायचं, जमीनदाराचा वाटा द्यायचा. शिवाय 779 पासून चर्चला दहावा हिस्सा देणं कायद्यानेच बंधनकारक झालेलं. असा माणूस विचारतो, "माझं धान्य गेलं कुठे?" 'मातीत मिसळलं' हे उत्तर मनाला पटत नाही. 'कुणीतरी नेलं' हे पटतं. कारण मग राग काढायला एक चेहरा मिळतो.

जिथे भीती, तिथे धंदा. वादळ उठवणारे होते, तसे वादळापासून राखण करतो म्हणणारेही होते. शेतकरी त्यांना पिकाचा ठरलेला हिस्सा देत. आगोबार्डची चिडचिड इथे स्पष्ट जाणवते: जे लोक चर्चचा दशांश देत नाहीत, गरिबाला भीक घालत नाहीत, ते या राखणदारांना न मागता देतात! म्हणजे त्याच्या रागात थोडा स्वतःच्या संस्थेचा हिशोबही होता, हे आपण विसरू नये. 789 च्या शाही फर्मानांतही याच्या खुणा दिसतात. वादळ उठवणाऱ्या मांत्रिकांवर बंदी आहे. घंटांना बाप्तिस्मा देऊ नका, गारा पडू नयेत म्हणून लिहिलेले कागद काठ्यांवर टांगू नका, असंही बजावलेलं आहे. बंदी घालावी लागली, याचा अर्थ लोक ते सर्रास करत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आगोबार्डने काय केलं? तो काही आजच्या अर्थाने विज्ञानवादी नव्हता. गारा देवाच्या इच्छेने पडतात, माणसाच्या नाही, ही त्याची श्रद्धा होती आणि त्याचा बराचसा ग्रंथ बायबलच्या आधारांनी भरलेला आहे. पण त्याच्या बरोबरीने त्याने एक वेगळी गोष्ट केली. त्याने चौकशी केली. असं वादळ उठवताना पाहिलं कुणी? सगळे सांगत, अमक्या गावी असं झालं, तमक्याने पाहिलं. मी स्वतः पाहिलं म्हणणारा एकही भेटेना. शेवटी कळलं की असा एक जण आहे. आगोबार्डने खटपट करून त्याला गाठलं, शपथ घातली, खरं तेवढंच सांग म्हणाला. तो माणूस म्हणाला, घटना खरीच आहे. माणसाचं नाव, जागा, वेळ सगळं सांगितलं. आणि मग कबूल केलं, की त्या वेळी तो स्वतः तिथे नव्हता.

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. आपल्याकडे प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी प्रमाणांची चर्चा करतात. शब्दप्रमाण म्हणजे ऐकीव गोष्ट नव्हे. सांगणारा विश्वासार्ह हवा, आणि त्याला ते माहीत असायला हवं. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया देत. या गोष्टीत मात्र त्या भेदावर चार जिवांचं मरण-जगणं अवलंबून होतं. बराच वाद झाला, आरोप करणारे निरुत्तर झाले, आणि ते चौघे वाचले.

सगळेच वाचले नाहीत. त्याच्या थोडं आधी, 810 मध्ये, गुरांची मोठी साथ आली होती. अफवा उठली की सम्राटाचा शत्रू, इटलीतल्या बेनेव्हेंतोचा ड्यूक ग्रिमोआल्ड, याने माणसं पाठवून शेतांत, कुरणांत, झऱ्यांत विषारी पूड टाकली. कित्येकांना पकडलं. काहींना मारलं, अनेकांना फळ्यांना बांधून नदीत बुडवलं. आगोबार्ड विचारतो, अशी कोणती पूड की जिने फक्त गुरंच मरतात, बाकीची जनावरं नाही? आणि बेनेव्हेंतोची सगळी प्रजा गाड्या भरभरून आली असती तरी एवढा मुलूख व्यापता आला असता का?

पण त्याला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळी होती. पकडलेल्यांपैकी काहींनी स्वतःच कबुली दिली, की हो, पूड आमच्याकडे होती, आम्हीच टाकली. मृत्यू समोर दिसत असूनही ते स्वतःविरुद्ध खोटं बोलत होते. कबुली म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याला दिसलं. पुढे साधारण 1450 ते 1750 या काळात युरोपने चेटकीण म्हणून 40 ते 60 हजार माणसं मारली, आणि त्यांतले कितीतरी खटले छळ करून मिळवलेल्या कबुल्यांवर उभे होते. ज्याला आपण सरसकट 'अंधारयुग' म्हणतो, त्या काळात मात्र 643 चा लोंबार्ड कायदा सांगत होता, की बाई माणसाला आतून खाते असं मानून कुणाच्या दासीला मारू नका. शार्लमेनने सॅक्सनीत चेटकीण समजून माणूस जाळणाऱ्यालाच मृत्युदंड ठेवला होता. इतिहास सरळ रेषेत शहाणा होत जात नाही.

आणि माणूसही नाही. हाच आगोबार्ड ल्योंमधल्या यहुद्यांविषयी अत्यंत विखारी पत्रं लिहितो, त्यांच्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी पुढे करतो. ढगांतल्या जहाजांना लावलेली कसोटी शेजाऱ्यावर आरोप करताना त्याने बाजूला ठेवली.

त्याचं हस्तलिखित 1605 मध्ये पापिर मासों या विद्वानाला ल्योंमधल्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या दुकानात सापडलं. तो ते कापायच्याच बेतात होता. ते कापलं गेलं असतं तर आपल्याला ती चार माणसं कळलीच नसती. त्यांची नावं आजही माहीत नाहीत. पण ज्या प्रश्नाने ती वाचली तो माहीत आहे: "तू स्वतः पाहिलंस का?" हा प्रश्न परक्याला विचारणं सोपं असतं. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं, त्याबाबत तो विचारणं कठीण. आगोबार्डलाही ते जमलं नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.