दातांच्या उपचारानंतर कुत्रा का विव्हळतो?

कुत्र्याच्या दातांवरचे कीटण काढायचे असो वा हलणारा दात, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. हिरडीखालची सफाई आणि दातांचा एक्स-रे जाग्या कुत्र्यात नीट होत नाही. पण भूल उतरतानाचे त्याचे वागणे पाहून अनेक पालक घाबरतात.

शुद्धीवर येताना
काही कुत्रे मोठ्याने विव्हळतात, पाय झाडतात, हाकेला ओळख देत नाहीत. मेंदू पूर्ण जागा होण्याआधी शरीर हालचाल करू लागते, त्यातून हा गोंधळ होतो. बहुधा अर्ध्या तासात तो ओसरतो.

घरी आल्यावर
पहिल्या दिवशी सुस्ती, झोकांड्या आणि अधूनमधून कण्हणे नेहमीचे आहे. काही वेदनाशामकांमुळेही कुत्रा कण्हतो. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस खोकला येऊ शकतो. दात काढला असेल, तर लाळेत किंचित रक्त दिसते.

गुंगी की वेदना?
गुंगीतला कुत्रा कुरवाळूनही शांत होत नाही, पण तासागणिक निवळत जातो. वेदना मात्र तशीच राहते किंवा वाढते. कुत्रा पंजाने तोंड घासतो, भांड्याजवळ जाऊन परत फिरतो, तोंडाला हात लावू देत नाही. काही कुत्रे दुखत असूनही गप्प पडून राहतात. म्हणून आवाजापेक्षा वागण्याकडे लक्ष द्या.

काय करावे?
- जमिनीवर मऊ अंथरूण घाला. जिना आणि पलंगापासून दूर ठेवा.
- भुलीत शरीराचे तापमान उतरते (एरवी ते सुमारे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते). पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी मात्र थेट अंगाला लावू नका, गुंगीत चटका बसला तरी तो बाजूला सरकत नाही.
- पाणी थोडे थोडे द्या. पूर्ण सावध झाल्यावरच मऊ अन्न द्या.
- लहान मुलांना दूर ठेवा. गोंधळलेला कुत्रा घरच्यांनाही चावू शकतो.
- माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पशुवैद्याला लगेच कधी कळवावे?
हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या, श्वास जड झाला, रक्त थांबेना, वारंवार उलट्या झाल्या किंवा कुत्रा हलवूनही जागा होईना, तर सकाळची वाट पाहू नका. 24 तासांनंतरही झोकांड्या जात असतील किंवा तो काहीच खात नसेल, तरीही दाखवून घ्या.