चरबी रुजते कशी?

स्तनाच्या कर्करोगावर आपण गटात पुष्कळ बोललो. गाठ कशी ओळखायची, दवाखान्यात कधी जायचे, सगळे बोललो. पण स्तन काढल्यावर पुढे काय, हे बायका एकमेकींनाही विचारत नाहीत. पदर सारखा करतात आणि गप्प बसतात. म्हणून आज आम्ही एका शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणार आहोत. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून छातीत भरायची आणि गेलेला आकार परत आणायचा, अशी ही शस्त्रक्रिया. यात भरणे सोपे, जगवणे कठीण.

१८९३ साली जर्मनीत गुस्टाव नॉयबर या डॉक्टरांनी दंडाची चरबी काढून चेहऱ्यावरचा खड्डा भरला. बदामाहून मोठा तुकडा नीट टिकत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. दोनच वर्षांनी चेर्नी नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एका बाईच्या स्तनातली साधी गाठ काढली आणि तिथली पोकळी तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीने भरली. चरबीने स्तन घडवण्याची सुरुवात इथून धरतात.

पुढे अडचण दिसू लागली. १९५० साली अमेरिकेतल्या लिंडन पीअर यांनी हिशोब मांडला, तेव्हा वर्षभरात जवळजवळ निम्मी चरबी विरून गेलेली निघाली.

असे का होते? आपण भाताची लावणी करतो, त्यावरून समजेल. रोप उपटले की त्याचा जमिनीशी संबंध तुटतो, नव्या चिखलात मूळ धरेपर्यंत ते तग धरते. चरबीचेही तसेच. ती जिवंत असते. काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी बारीक रक्तवाहिन्या फुटेपर्यंत काही दिवस ती आजूबाजूच्या पाझरावर जगते. मोठा गोळा एकाच जागी कोंबला तर कडेची चरबी जगते आणि मधली मरते. मेलेल्या चरबीचे तेल साचते, नाहीतर तिथे कडक गाठ होते.

याच गाठींमुळे १९८७ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरू नये असे जाहीर केले. मेलेल्या चरबीत चुन्याचे कण धरतात, मॅमोग्राफीत ते कर्करोगासारखे दिसतील, ही भीती. भीती खोटी नव्हती. पण स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही असे कण दिसतात, आणि ती मात्र चालूच राहिली. आम्हाला हे खटकते.

मार्ग निघाला तो हात हलका केल्यामुळे. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात एक पद्धत बसवली. बोथट नळीने, जोर न लावता चरबी ओढायची. मग ती यंत्रात गरगर फिरवून तेल आणि रक्त वेगळे करायचे. डेअरीत दुधाचे फॅट बघायला नळ्या फिरवत, तसेच ते. मग थेंब थेंब, वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळ्या वाटांनी सोडायची, म्हणजे प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी रक्त मिळते. शेवटी २००९ मध्ये त्याच संघटनेने आपली भूमिका बदलली.

जमीनही बघावी लागते. किरणोपचार झालेली कातडी ताठ होते, तिथे रक्तवाहिन्या कमी, म्हणून चरबी कमी धरते. गंमत म्हणजे इटलीतल्या रिगोटी यांनी २००७ मध्ये दाखवले, की अशा कातडीखाली थोडी थोडी चरबी सोडली तर ती कातडीच हळूहळू मऊ पडते.

आजही भरलेल्या चरबीतली काही विरतेच. म्हणून डॉक्टर एकदम न भरता, काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा भरतात. दुसऱ्यांदा बोलावले म्हणजे पहिले काम फसले, असे समजू नका. नंतर हाताला गाठ लागली तर ती मेलेल्या चरबीची असू शकते, पण ते तपासणीतच कळते, घरी बसून नाही. आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी ती सोडायला सांगतात. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे बायांनो. डॉक्टरांनी विचारले, तर ‘नाही’ म्हणू नका.