सरस्वतीचे वय

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सक्करदऱ्याच्या तलावाकाठी फटाक्यांचा धूर जरा विरला, की डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. अमावास्याच ती, चंद्राचा अडथळा नाही. चौकोनाच्या दक्षिणेला मीन राशीचे अंधूक तारे. त्याच दिशेला, नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा, दीर्घिकांचा एक अफाट महापुंज आहे. २०१७ साली पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी तो जाहीर केला आणि त्याला नाव दिले ‘सरस्वती’. लक्ष्मीच्या रात्री सरस्वती माथ्यावर! या योगाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा.

एवढ्या दुरून ताऱ्यांचे वय आणि घडण कळते कशी? भुईनळ्याचा हिरवा रंग बेरियमचा, तांबडा स्ट्रॉन्शियमचा. चुलीत मीठ पडले की ज्वाळ पिवळी होते. प्रत्येक मूलद्रव्याची अशी खूण ताऱ्याच्या वर्णपटात रेषांच्या रूपाने उमटते.

या विद्येचे ठाणे आपल्याकडे पहिल्याने पुण्यास पडले. कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली वेधशाळा उभारली. त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यातली एक हिरवी रेषा कोणत्याच ठाऊक द्रव्याशी जुळेना, म्हणून पंडितांनी ‘नेब्युलियम’ हे नवेच मूलद्रव्य कल्पिले होते! ते ‘द्रव्य’ म्हणजे आपला ऑक्सिजनच, हे १९२७ साली अमेरिकेत बोवेन यांनी दाखवले. १८९८ च्या खग्रास ग्रहणास इंग्रज ज्योतिर्विद वर्णपटयंत्रे घेऊन आमच्या पुलगावास उतरले, तर नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरास गेले. पण १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मिटली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालास गेली. एका माणसाच्या पाठीवर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबर खाली बसावी, याची हळहळ वाटते. त्याच पुण्यात आयुका स्थापन झाली ती १९८८ साली, बरोबर शंभर वर्षांनी.

आता वयाची गोष्ट. मोठे निळे तारे आपले इंधन काही कोटी वर्षांत उधळून टाकतात. लहान पिवळे-तांबडे मात्र काटकसरीने शेकडो कोटी वर्षे जगतात. म्हणून जी दीर्घिका निळी, तिच्या घरी अजून पाळणा हलतो; जी तांबडी, तिथे फार दिवसांत जन्म नाही. पुंजाच्या मध्याशी गर्दी आणि तप्त वायू. त्यात दीर्घिकांचा थंड वायू ओरबाडला जातो, आणि नवे तारे जन्मायला द्रव्यच उरत नाही.

घोटाळा असा, की वयानेही तारे तांबूस दिसतात आणि अंगी लोखंडासारखी जड द्रव्ये जास्त असली तरीही! नुसत्या रंगावर वय सांगणारा फसतो. म्हणून हायड्रोजनच्या रेषा वयासाठी आणि लोखंड-मॅग्नेशियमच्या रेषा घडणीसाठी अशा जोडीने वाचतात. मॅग्नेशियम मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळते, बरेचसे लोखंड मागाहून. लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त निघाले, तर तिथले तारे एकाच लगबगीत जन्मले असे समजावे.

सरस्वतीत असे निदान त्रेचाळीस पुंज आहेत. तिचा प्रकाश निघाला तो सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वी पुरती बाळसेही धरली नव्हती, आणि तिथल्या तांबड्या दीर्घिकांतले बहुतेक तारे मात्र तेव्हाच म्हातारे झाले होते.